सँडलला दहा टक्के, चपलेला पाच

बायकांच्या ज्या पादत्राणाला टाचेमागून धरणारा पट्टा नाही त्याला सँडल म्हणायचे की चप्पल, या प्रश्नावर २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. एका निर्यातदाराने बायकांची चामडी पादत्राणे परदेशी पाठवली होती. कागदोपत्री त्याने 'लेडीज लेदर सँडल' असे लिहिले आणि त्या वेळच्या तक्त्याप्रमाणे दहा टक्के ड्यूटी ड्रॉबॅक, म्हणजे कराची परतफेड, मागितला. कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी माल तपासला. मागे पट्टा नाही, म्हणजे ही चप्पल, असे त्यांनी ठरवले. चपलेला ड्रॉबॅक पाच टक्के. प्रकरण खालून वर चढत गेले, केंद्र सरकारच्या पातळीवरही चप्पलच ठरली आणि शेवटी उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. चर्मनिर्यात परिषदेचे म्हणणेही निर्यातदाराच्या बाजूचे होते: बायकांच्या सँडलला मागचा पट्टा असलाच पाहिजे असे काही नाही.

वर्तमानपत्रांनी ही बातमी विनोदी चौकटीत छापली. न्यायाधीशांना काय काय बघावे लागते, असा एकूण सूर. मला मात्र त्या निकालातला न विचारलेला प्रश्न सतावतो. सँडल कोणती आणि चप्पल कोणती हे न्यायालयाने सांगितले, कारण तेवढेच त्याच्यापुढे होते. पण सँडलला दहा आणि चपलेला पाच हे मुळात का? ड्रॉबॅक म्हणजे निर्यातीच्या मालाला लागलेल्या कच्च्या मालावर जो कर भरला गेला, त्याची परतफेड. ती कातडे, सोल, बक्कल, चिकटवण्याचा पदार्थ यांवरून ठरायला हवी. टाचेमागे दोन बोटे रुंदीची एक पट्टी आली की परतफेड दुप्पट व्हावी इतके त्या पट्टीत काय असते? काहीच नसते. सँडल म्हणजे भारीची वस्तू आणि चप्पल म्हणजे हलकी, ही समजूत आधीपासून डोक्यात होती, आणि ती समजूतच दरपत्रकात उतरली.

याच सरकारचे दुसरे खाते या दोघींत भेद करत नाही, हेही सांगितले पाहिजे. पादत्राणांच्या गुणवत्तेचा जो आदेश ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, त्यात भारतीय मानक ब्युरोचे आयएस ६७२१ हे मानक आहे. सँडल आणि स्लिपर या दोन्हींसाठी ते एकच आहे. म्हणजे मजबुती मोजताना दोघी एका पंगतीत आणि पैसे देताना वेगळ्या.

इंग्रजीतही 'चप्पल' हा शब्द आता परका राहिलेला नाही. तिथल्या मोठ्या शब्दकोशांत तो आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे तो असा: भारतात वापरली जाणारी सँडल, बहुधा चामड्याची. शब्दकोशाच्या लेखी चप्पल हा सँडलचाच एक प्रकार झाला. आपल्याकडे बाजारात मात्र दोन्ही शब्दांनी आपापल्या जागा धरल्या आहेत. लक्ष्मी रोडवर किंवा दादरला दुकानात शिरून 'सँडल दाखवा' म्हटले की टाच असलेली, बक्कल असलेली, लग्नाकार्यात घालायची जोडी पुढे येते. 'चप्पल दाखवा' म्हटले की 'रोजच्या वापरायला का?' असा प्रश्न आधी येतो. सँडल घालून कार्यालयात जातात, चप्पल घालून कोपऱ्यावर दूध आणायला. हा फरक भाषेपुरता असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. भाषा अशा वाटण्या करतच असते. पण हीच वाटणी सरकारी तक्त्यात, निर्यातीच्या बिलात आणि कारागिराच्या मजुरीत शिरते, तेव्हा तिचा हिशेब मागायला हवा.

आणि ही वाटणी कुठून आली हे आपल्याला चांगले माहीत आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण वहाणेबद्दल वापरत नाही, माणसांबद्दल वापरतो. कातडे कमावणारा, तळ कापणारा, वाद्या ओवणारा चर्मकार समाज शतकानुशतके गावाच्या कडेला ठेवला गेला, आणि त्याच्या हातचे कामही त्याच पायरीवर बसवले गेले. आषाढीला आपण पालखीत संतांच्या पादुका ठेवतो, त्यांच्यापुढे डोके टेकतो. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची असते. पायात घालायची वस्तू म्हणून त्यात चूक काही नाही. पण ती करणाऱ्यालाही उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, आणि 'चप्पल' या शब्दाला चिकटलेला हलकेपणा तिथून आला आहे. सँडल हा शब्द आपल्याकडे बाहेरून आला. त्याला कुणाची जात चिकटलेली नव्हती, म्हणून तो स्वच्छ वाटला, महाग वाटला.

हलकी म्हणून जिची किंमत धरली जाते ती कोल्हापुरी एकदा करताना पाहावी. पारंपरिक रीतीत कातडे चुन्यातून काढून साफ केल्यावर त्याचीच पिशवी शिवतात, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात आणि ती टांगून ठेवतात. कातडे तो रस हळूहळू पितं आणि त्याला तो तांबूस रंग चढतो. मग रापीने तळ कापायचे, थरावर थर बसवायचे, आरीने भोके पाडायची आणि चामड्याच्याच वादीने शिवायचे. खिळा नाही. दोन्ही बाजूंना तळातून वर आलेले पाकळीसारखे तुकडे असतात, त्यांना कान म्हणतात. पायाच्या पाठीवरचा पट्टा या कानांना शिवला जातो. पुढे अंगठ्याचे वेटोळे. पट्ट्यावरची वेणी बहुतेक ठिकाणी घरातल्या बायका घालतात. कातड्याच्या बारीक पट्ट्या पायाच्या बोटात धरून त्या वेणी विणत जातात, आणि ती एका जाडीची यावी म्हणून प्रत्येक पेड सारखा ओढावा लागतो. एखादा पेड सैल पडला तर पट्टा महिन्याभरात तिथेच ताणतो, आणि गिऱ्हाईक परत येते ते कारागिराच्या दारात. त्या बाईच्या मजुरीचा आकडा कुठल्याच बिलावर वेगळा लिहिलेला नसतो. कापशी हा प्रकार तर कागल तालुक्यातल्या कापशी या गावाच्या नावावरून ओळखला जातो. एवढी घट्ट नाळ वस्तूची आणि जागेची असते.

जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या शोमध्ये अशाच चपला पायात घालून मॉडेल चालले. कंपनीने त्यांना लेदर सँडल म्हटले. कोल्हापूरचा, भारताचा उल्लेख नव्हता. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिले, समाजमाध्यमांवर गदारोळ झाला, आणि कंपनीने भारतीय हस्तकलेच्या पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिकाही आली. ती जुलैत फेटाळली गेली, कारण कोल्हापुरी चपलेच्या जीआयचे, म्हणजे भौगोलिक मानांकनाचे, हक्क ज्यांच्या नावावर नोंदले आहेत त्यांनी स्वतः दाद मागायला हवी. वर्षअखेरीस प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या दोन चर्मोद्योग महामंडळांशी करार केल्याचे जाहीर झाले. दोन हजार जोड, प्रत्येकी सुमारे ८०० युरो, म्हणजे आपल्या ऐंशी हजार रुपयांच्या घरात.

चोरी, चोरी म्हणून त्या वेळी जो आरडाओरडा झाला त्यात एक गोष्ट नीट सांगितली गेली नाही. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. ते नावाला संरक्षण देते, आकाराला नाही. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे, आणि ते संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ व कर्नाटकचे बाबू जगजीवन राम चर्मोद्योग महामंडळ या दोघांच्या नावावर आहे. या आठ जिल्ह्यांबाहेर केलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकले तर तो भंग. पण तीच चप्पल, तोच कान, तोच अंगठा, आणि खाली लिहिले 'लेदर सँडल', तर कायद्याने काही बिघडत नाही. म्हणजे 'सँडल' हा शब्द वापरणाऱ्याला मोकळे सोडतो आणि 'कोल्हापुरी चप्पल' हे शब्द त्याला बांधून घेतात. मोठ्या कंपनीचा वकील कोणता शब्द निवडेल हे उघड आहे.

यावर काहीजण म्हणतात, नाव काहीही असो, कारागिराच्या हाताला काम मिळाले ना? हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. दोन हजार जोडांचे काम हे काही घरांसाठी वर्षाचे धान्य आहे, आणि ज्याच्या घरात ते येणार त्याला नावाच्या लढाईचे व्याख्यान देणे बरे नाही. तरीही मी नावाच्या बाजूने उभा राहतो, आणि त्याचे कारण पैशाचेच आहे. काम एका कराराचे असते. करार संपला, पुढच्या वर्षी फॅशन बदलली, की ते काम जाते. नावाला किंमत आली तर ती त्या आठ जिल्ह्यांत राहते, कारण भारतीय कायद्याच्या २४व्या कलमाने जीआय विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाण टाकता येत नाही. ते जागेचे आणि तिथे काम करणाऱ्यांचे असते. ८०० युरोंतला किती वाटा बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या किंवा कोल्हापूरच्या घरात येतो, हे कराराच्या ताकदीवर ठरते, आणि ती ताकद येते ती 'हे नाव तुम्हाला दुसरीकडे मिळणार नाही' असे म्हणता येण्यातून. आज आपण तसे म्हणू शकत नाही, कारण कंपनीला नावाची गरजच पडत नाही. सँडल म्हणून तिचे भागते.

मग गरज पडावी असे करायचे कसे? त्याची सुरुवात मिलानपासून होत नाही, आपल्या बाजारातून होते.

कुठल्याही मोठ्या शहरातल्या फूटपाथवर किंवा खरेदीच्या संकेतस्थळावर 'कोल्हापुरी' शोधा. रेक्झीनचा पट्टा, रबरी तळ, यंत्रावर ठोकलेली नक्षी, आणि नाव कोल्हापुरी. ती जोडी आठ जिल्ह्यांपैकी कुठेही झालेली नसते. हा प्राडापेक्षा सरळ भंग आहे, कारण इथे नावच वापरले जाते, आणि देशातल्या कायद्याने तो आजच्या आज थांबवता येतो. पण त्यासाठी महामंडळांनी खटले भरायला हवेत आणि कारागिरांची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद व्हायला हवी. मानांकन महामंडळाच्या नावावर असले म्हणून प्रत्येक कारागिराला ते आपोआप लागू होत नाही. त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो, कागद जोडावे लागतात, शुल्क भरावे लागते. ज्याच्या बोटांना दिवसभर आरी टोचते त्याने चेन्नईच्या रजिस्ट्रीचे फॉर्म इंग्रजीत भरावेत ही अपेक्षा करणे म्हणजे मानांकन कपाटात ठेवणे. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे लावून, मराठीत आणि कानडीत अर्ज घेऊन, महामंडळाने स्वतः ही नोंद करून द्यायला हवी. ज्यांच्या नावावर हक्क आहे तेच गप्प राहिले तर न्यायालय काय करणार, हे जनहित याचिकेच्या निकालाने पुरेसे स्पष्ट केले आहे.

यात एक पळवाट आहे, तीही बंद करायची आहे. आपल्या कायद्यात 'कोल्हापुरी स्टाइल', 'कोल्हापुरी प्रकारची' अशा लेखनाला अटकाव करणारी तरतूद आहे, पण ती सरकारने ज्या मालासाठी अधिसूचना काढली आहे त्यालाच लागू होते. महाराष्ट्र आणि कर्नाटक सरकारांनी केंद्राकडे ही अधिसूचना मागावी. 'प्रेरित' आणि 'स्टाइल' या दोन शब्दांच्या आड किती माल खपतो हे दुकानात जाऊन पाहणाऱ्याला सांगायला नको.

युरोपात तर आता दार उघडले आहे. खाण्यापिण्याच्या वस्तूंना तिथे फार पूर्वीपासून भौगोलिक मानांकन मिळते. आपल्या दार्जिलिंग चहाला ते २०११ मध्ये मिळाले. हस्तकलेच्या आणि औद्योगिक वस्तूंना मात्र संपूर्ण युरोपीय संघात एकच असे संरक्षण नव्हते. २०२३ च्या नव्या नियमाने ते आले आणि १ डिसेंबर २०२५ पासून ते लागू आहे. युरोपबाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही तिथल्या बौद्धिक संपदा कार्यालयात अर्ज करता येतो. तिथला नियम आपल्यापेक्षा कडकही आहे. 'स्टाइल', 'पद्धतीची', 'नक्कल' असे शब्द जोडून नाव वापरणे, किंवा नाव न घेता ग्राहकाच्या मनात तेच नाव उभे राहील असे काही करणे, हेही त्यात बसते. इटली त्याच संघात आहे. करारावर सही करताना फोटो काढण्यापेक्षा दोन्ही महामंडळांनी हा अर्ज आपला पहिला अग्रक्रम मानावा. सीमावादात एकमेकांवर खेकसणारी ही दोन राज्ये या मानांकनात आधीच एकत्र नोंदलेली आहेत. बेळगावच्या कारागिराची चप्पल आणि कोल्हापूरच्या कारागिराची चप्पल एकाच नावाखाली विकली जाते. अर्जावर दोघांच्या सह्या व्हायला कोणताही वाद आड येत नाही.

घरच्या कराकडेही पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणावर पाच टक्के जीएसटी आहे, त्यापुढे अठरा. म्हणजे चोवीसशेच्या जोडीवर १२० रुपये कर, आणि सव्वीसशेच्या जोडीवर ४६८. दोनशे रुपयांच्या फरकाला साडेतीनशेचा कर. इथे सँडल-चप्पल असा भेद नाही, हे चांगलेच आहे. पण वनस्पतीच्या सालीत कमावलेल्या कातड्याची, हाताने शिवलेली, दाट वेणीची जोडी अडीच हजारांच्या पुढे जाते, आणि कारखान्यातला रेक्झीनचा जोड तिच्या कितीतरी खाली राहतो. छोटा कारागीर स्वतः नोंदणीच्या मर्यादेखाली असेलही, पण त्याचा माल विकणारा दुकानदार नसतो. तो कारागिराला सांगतो, मालाची किंमत पंचवीसशेच्या आत बसव. ती बसते कशातून? वेणी विरळ होते, तळाचा एक थर कमी होतो, किंवा मजुरी कापली जाते. मानांकन असलेल्या हस्तनिर्मित पादत्राणाला किमतीची ही अट लावू नये, एवढे मागायला जीएसटी परिषद हीच जागा आहे, आणि महाराष्ट्राचा आवाज तिथे लहान नाही.

वर्गवारी तर करावीच लागते, रेषा कुठेतरी ओढावीच लागते, असे कस्टम्समधला अधिकारी म्हणेल. खरे आहे. पण ती ओढण्याची चांगली रीत जगाला माहीत आहे, आणि आपणही ती वापरतोच. जगभर आयात-निर्यातीसाठी जी सहा आकडी संकेतप्रणाली चालते, तिच्यात ६४०३.२० हा आकडा आहे. त्याचे वर्णन असे: बाहेरचा तळ चामड्याचा, आणि वरचा भाग म्हणजे पायाच्या पाठीवरून जाणारे व अंगठ्याभोवती फिरणारे चामडी पट्टे. सँडल नाही, चप्पल नाही, स्लिपर नाही. वस्तू काय आहे, कशाची आहे, कशी बांधलेली आहे, तेवढेच. कोल्हापुरी डोळ्यांपुढे ठेवूनच लिहावे इतके ते वर्णन तिला चपखल बसते. ड्रॉबॅकचा तक्ता या वर्णनावर बेतला असता तर टाचेमागच्या पट्टीसाठी कुणाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. चामडी तळाच्या आणि चामडी पट्ट्यांच्या पादत्राणाला एकच दर, मागे पट्टा असो वा नसो, आणि त्यातले जे मानांकन असलेले असेल त्याला वेगळी, वरची ओळ. ती ओळ लिहिताना तिच्यात शब्द 'कोल्हापुरी चप्पल' असाच असावा, 'एथनिक सँडल' नको. निर्यातीच्या प्रत्येक बिलावर तो शब्द छापला जाईल, परदेशातल्या गोदामात तो वाचला जाईल, आणि कुणाला किती माल त्या नावाने गेला याची नोंद हाताशी येईल. आज ती नोंद पुरी मिळत नाही, कारण जो माल सँडल म्हणून जातो त्यातली कोल्हापुरी कोणती हे कागदावरून कळत नाही. अथणीत किंवा कापशीत वेणी घालणाऱ्या बाईच्या मजुरीबद्दल बोलायचे तर आधी तिने केलेला माल तिच्या नावावर मोजला जायला हवा.